शाडू की कागदाचा लगदा?

पाचवीच्या मुलांकडून मुखवटे करून घ्यायचेत, शाडूची माती आणू की लगदा करू, असं एका बाईंनी विचारलं.

खर्चाचं म्हणाल तर लगद्याला रद्दी आणि मैद्याची खळ पुरते. शाडू विकत आणावी लागते, पण मोडलेले तुकडे भिजवून पुन्हा मळता येतात.

मेहनतीत मात्र लगदा रडवतो. कागद रात्रभर भिजवा, कुटा, पिळा, खळ मिसळा. 35 मिनिटांचा तास यातच संपतो. (आणि फरशी कोण पुसणार?) शाडू मळली की मुलं लगेच नाक-डोळे काढायला बसतात. चुकलं तर बोटानं सारखं करायचं.

शाडू कडक उन्हात ठेवली तर तडकते, सावलीत वाळवा. लगदा पावसाळ्यात कित्येक दिवस ओलाच राहतो, बुरशी धरतो.

टिकण्याचं काय? शाडू भाजलेली नसते, त्यामुळे दप्तरात घातलेल्या मुखवट्याचं नाक घरी पोचत नाही. लगद्याचा मुखवटा हलका, पडला तरी शाबूत.

भाद्रपदात विसर्जनाचा छोटा गणपती करायचा असेल तर शाडूच घ्या. स्नेहसंमेलनात तोंडावर बांधायचे मुखवटे हवे असतील तर लगदा, तोही दिवाळीनंतर.