मनगटावर ४१, छातीत ८२ : स्मार्टवॉचचा सात महिन्यांचा अनुभव

दिवाळीत २८,००० रुपये मोजून घेतलेल्या या घड्याळाची बॅटरी, पडदा आणि पट्टा यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझा सारा वाद एका आकड्याशी आहे. मे महिन्यातल्या एका रात्री पावणेतीन वाजता घड्याळाने थरथरून मला उठवले आणि हृदयाची गती मिनिटाला ४१ असल्याची सूचना दिली. घशाशी काहीतरी उडल्यासारखे वाटत होते, पण ते मी रात्रीच्या मिसळीच्या खात्यावर टाकले. घड्याळातच ईसीजी काढला, तर तीस सेकंद बोट टेकवून बसल्यावर उत्तर आले, ‘अनिर्णीत’.

घड्याळावर माझा अविश्वास आधीपासूनच होता. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती चालताना ते सतत ११६-११८ दाखवत असे, आणि थांबून लगेच बोटांनी नाडी मोजली की ती ९६ भरे. एके दिवशी पावले मोजली, ती मिनिटाला ११७ निघाली. म्हणजे हात हलण्याची लय हे यंत्र नाडी समजून मोजत होते. मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तात किती शोषला जातो यावरून ठोके ओळखायचे, अशी त्याची रीत असल्याने पट्टा सैल असला की असे होते. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, एक भोक घट्ट बांधल्यावर हा दोष बराचसा गेला.

४१ मात्र गेले नाहीत. दादरच्या एका सेवा केंद्रात घड्याळ तीन दिवस ठेवून घेण्यात आले आणि ‘सेन्सर व्यवस्थित आहे’ एवढ्या एका ओळीसाठी ५९० रुपये घेण्यात आले. मी तेथे बराच आवाज चढवला, याची आता थोडी लाज वाटते. कारण त्याच आठवड्यात पत्नीच्या रक्तदाबाच्या यंत्रावर हात ठेवला असता त्यानेही नाडी ४२ दाखवली, आणि बोटांनी मोजली तीही तेवढीच. दोन कंपन्यांची दोन यंत्रे आणि माझी स्वतःची बोटे एकाच वेळी बिघडली, असे म्हणण्याइतका मी हट्टी नाही.

डॉक्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, मग दहा इलेक्ट्रोड लावून बारा लीडचा, म्हणजे हृदयाची विद्युत हालचाल बारा कोनांतून टिपणारा, ईसीजी काढला, त्यात गती ८२ होती. प्रत्येक नियमित ठोक्यामागे एक अवेळी ठोका पडत होता, ज्याला ते बायजेमिनी म्हणाले. अवेळी ठोका पडतो तेव्हा हृदयाचा खालचा कप्पा पुरता भरलेला नसतो, त्यामुळे थोडेच रक्त बाहेर पडते आणि त्याची लाट मनगटापर्यंत जाणवेल इतकी पोहोचत नाही. हृदय ८२ वेळा आकुंचन पावत होते, मनगटाला त्यातले ४१ कळत होते आणि घड्याळ मनगटाचेच सांगत होते. ज्या ‘अनिर्णीत’ ईसीजीला मी शोभेची वस्तू समजत होतो, त्याची पीडीएफ पाहून डॉक्टरांनी ते रुंद, अवेळी ठोके लगेच दाखवले. एकाच लीडचा आलेख असूनही तेवढे त्यात दिसत होते.

या काळात घड्याळाने अनियमित ठोक्यांची सूचना एकदाही दिली नाही, याचा राग मी कंपनीचे माहितीपत्रक नीट वाचेपर्यंत धरला. ती सुविधा एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे लय सोडून थरथरणे, याच विकाराच्या खुणा शोधते, तीही हात स्थिर असताना अधूनमधून, आणि हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही असे त्याच पत्रकात स्पष्ट छापलेले आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅपल हार्ट स्टडी’त ४,१९,२९७ जण सहभागी होते आणि त्यांपैकी ०.५२ टक्के लोकांना अशी सूचना मिळाली. नंतर छातीवर ईसीजी नोंदवणारी पट्टी लावून ती परत पाठवणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांत तो विकार आढळला. विकार येतो-जातो, म्हणून उरलेल्यांच्या सूचना खोट्याच होत्या असेही म्हणता येत नाही.

माझा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सामान्य आला आणि होल्टर या अंगावर बांधायच्या यंत्राने चोवीस तास ईसीजी नोंदवल्यानंतर चहा सहा कपांवरून दोनांवर आणण्याची ताकीद मिळाली. घड्याळ अजून हातात आहे, पण ठोके मोजायचे असले की आता मी ईसीजीच काढतो, तोही घरी बसून, कारण सव्वानऊच्या लोकलमध्ये दांडीला लटकून दुसऱ्या हाताचे बोट टेकवणे अशक्य आहे. कमी गतीची सूचना मी बंद केलेली नाही. सेवा केंद्राची पावती मात्र जपून ठेवली आहे. सेन्सर व्यवस्थित होता हे मान्य, पण काच पुसून परत देण्याचे ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मला अजूनही मान्य नाही.