सेल्फ लागत नाही? डीसी क्लॅम्प मीटर वापरून बघितला

बंद गाडीभोवती चार माणसं जमली की त्यातली तीन "बॅटरी गेली" म्हणतात. चौथा धक्का मारायला सांगतो. या दोन्ही उपायांना कंटाळून मी चिमटेवाला मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा टाकून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घेतला. आता बराच वापरून झालाय, म्हणून लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण याच बांधणीचे मीटर वेगवेगळ्या नावांनी मिळतात.

घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: चिमटा डीसी (बॅटरीचा) करंट, म्हणजे डीसी अँपिअर मोजतो का? बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी (घरच्या विजेचा करंट) मोजतात. घरच्या वायरिंगला ते ठीक, पण गाडीच्या बॅटरीच्या केबलवर शून्यच दाखवणार. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'डीसी' असतं ते कधीकधी फक्त व्होल्टेजपुरतं असतं. बारीक अक्षरं वाचा.

आता कामाचं. शेजारची गाडी. सेल्फ मारला की इंजिन कण्हत कण्हत अर्धा फेरा फिरायचं आणि थांबायचं. गॅरेजवाल्याचा निकाल ठरलेला होता, नवी बॅटरी टाका. मीटर लावला तर उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट. हा आकडा बघून कोणी बॅटरीला चांगली म्हणू नये आणि वाईटही म्हणू नये. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी. पण नुकतीच चार्जरवरून काढलेली असेल तर आकडा फुगलेला असतो. हेडलाइट मिनिटभर लावून, बंद करून मग मोजायचं. आणि खरी परीक्षा सेल्फ मारतानाच होते. तेव्हा व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरलं तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे.

इथे या मीटरचं मिन-मॅक्स (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा लक्षात ठेवणारं) बटण मला सगळ्यात जास्त आवडलं. एकटा माणूस चावी फिरवणार की आकडा बघणार? बटण दाबून क्रोकोडाइल क्लिप लावून ठेवायच्या, आत बसून सेल्फ मारायचा, बाहेर येऊन सगळ्यात खालचा आकडा वाचायचा. शेजारच्या गाडीत तो ११.३ निघाला. म्हणजे बॅटरी ताठ उभी होती आणि तरी स्टार्टर (इंजिन फिरवणारी सेल्फची मोटर) मरगळलेला होता. चिमटा केबलभोवती टाकला तर ९० अँपिअरच्या आसपास. इंजिन जाम असतं किंवा स्टार्टर अडकलेला असता तर करंट उलट खूप वाढला असता. कमी करंट आणि मंद स्टार्टर म्हणजे वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

मग एक प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर. केबलच्या टर्मिनलवर नाही, शिशाच्या खांबावरच टोक टेकवायचं, नाहीतर खांब आणि टर्मिनल यांच्यामधला गंजाचा थर मोजमापातून निसटतो. सेल्फ मारला: २.९ व्होल्ट वाटेतच गायब. तिथे ०.२, फार तर ०.३ यायला हवेत. पॉझिटिव्ह खांबापासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत मात्र ०.३ च, म्हणजे ती बाजू स्वच्छ. दोष अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत येतो त्या बाजूला होता. बॉडीवरून इंजिनकडे जाणारी अर्थ पट्टी वरून दिसायला धडधाकट, पण बोल्टखाली रंग आणि गंज. बोल्ट काढला, धातू चमकेपर्यंत घासला, परत घट्ट केला. त्यानंतर तोच आकडा ०.१ आला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं. बॅटरी तीच.

आता, याच पट्टीवर आधी 'बीप' वाली कंटिन्युइटी टेस्ट (जोड सलग आहे का बघणारी) लावली होती आणि मीटर मजेत बीप देत होता. याला मीटर दोषी नाही. त्या टेस्टला अगदी नगण्य करंट लागतो, तो गंजलेल्या बोल्टमधूनही जातो. स्टार्टरला शंभर-दीडशे अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून जास्त. म्हणून जाड केबलचं काम नेहमी लोड असताना, म्हणजे सेल्फ फिरत असताना, व्होल्टेज किती पडतं ते बघून करायचं. मीटरच्या मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळही नाही. मीटरमध्ये सेल कसे घालायचे याला मात्र अख्खं पान.

उलट प्रकारची फसवणूकही होते. सेल्फ छान फिरतो, पण इंजिन पकडत नाही, आणि पेट्रोल पंपाचा कनेक्टर काढून मोजलं की १२ व्होल्ट दिसतात. मीटर स्वतः इतका कमी करंट ओढतो की जळकट रिलेतूनही (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) पूर्ण व्होल्टेज आल्यासारखं वाटतं. त्यासाठी सोबत साधा बल्बवाला टेस्ट लॅम्प ठेवाच. बल्ब लख्ख पेटला तर सप्लाय खरा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र असा लॅम्प चुकूनही लावू नका.

सेल्फ मारताना काहीच आवाज येत नसेल तर मी आधी स्टार्टरच्या रिलेकडे जातो. त्याच्या पिनांवर आकडे असतात: ८५ आणि ८६ कॉइल, ३० ला सप्लाय, ८७ मधून बाहेर. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच जातीचा असतो, अदलाबदल करून बघायला मीटरही लागत नाही. क्लच दाबलेला नसेल किंवा गाडी गिअरमध्ये असेल तर सेल्फ अडवणारा स्विचही विसरू नका.

तक्रारी आहेत. रात्री उभी केलेली गाडी सकाळी डिस्चार्ज होते, त्यासाठी गळती शोधायला हा चिमटा अर्धवटच कामाचा आहे. गाडी झोपल्यावर, म्हणजे तिचे कॉम्प्युटर बंद झाल्यावर, साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक मानतात, आणि या मीटरचा आकडा तर चिमटा नुसता फिरवला तरी तेवढा हलतो. दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेला धरून झिरो करावं लागतं. त्यापेक्षा पाती-फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिकल्यांवर मिलिव्होल्ट मोजा. ज्या फ्यूजवर काही दिसेल त्या सर्किटमधून करंट जातोय, फ्यूज उपसायची गरजच नाही. त्यातही हा मीटर मध्येच स्वतःहून बंद होतो, आणि गाडीचे कॉम्प्युटर झोपायला कधी त्याहून जास्त वेळ लागतो. चालू करताना सिलेक्टचं बटण दाबून धरलं की हे बंद होणं टळतं.

प्रोबच्या वायरी आखूड आणि कडक. बॅटरी डिकीत असेल तर इंजिनपर्यंत पोचायचा प्रश्नच नाही, मी वेगळ्या लांब वायरी आणि क्लिप जोडून घेतल्या. चिमट्याचा जबडाही जाड, गर्दीच्या बोनेटमध्ये केबलभोवती घालताना बोटं सोलवटतात. बॅकलाइट चांगला आहे.

एक फायदा मात्र विकणारे सांगत नाहीत. साध्या मल्टिमीटरला १० अँपिअरचं वेगळं भोक असतं. लाल वायर तिथे राहिली आणि कोणी बॅटरी मोजायला गेलं की सरळ शॉर्ट, फ्यूज उडाला म्हणून समजा. या चिमट्याला ते भोकच नाही. घरातल्या इतरांच्या हातात मीटर द्यायचा असेल तर मी हाच देईन.