हेक्स २० चा राग आणि १५ सेंटिमीटर वायर: घरच्या आयएसपी प्रोग्रामरचा सात महिन्यांचा अनुभव

तिसरी एटीटायनी८५ (आठ पायांची छोटी मायक्रोकंट्रोलर चिप) हातची गेली, म्हणून हे लिहितोय. चिप जळलेली नाही, तिची रीसेट पिन बंद झाली आहे, आणि ती पिन नसेल तर साध्या प्रोग्रामरने चिप पुन्हा भरता येत नाही. आता तिला १२ व्होल्टचा हाय-व्होल्टेज प्रोग्रामर लागणार. तो दुसऱ्या आर्डुइनो उनो बोर्डावर बनवता येतो, पण तीन चिपसाठी एवढा कुटाणा कोण करणार?

सेटअप नेहमीचाच. उनोवर आर्डुइनो-आयएसपी स्केच (उनोला दुसरी चिप भरणारा प्रोग्रामर बनवणारा प्रोग्राम), रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरड, १९२०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट). लॅपटॉपवर चिप भरायच्या नेहमीच्या एव्हीआरड्यूड प्रोग्रामऐवजी पायथॉनची स्क्रिप्ट, कारण रावेर-यावलकडच्या केळीच्या मोटरींची ड्राय-रन कार्डं (पाणी नसताना मोटर बंद करणारी) एकामागून एक भरायची असतात. ८ केबीला नुसता डेटा जायलाच सव्वाचार सेकंद, परत वाचायला तेवढेच. हळू आहे, पण चालून जातं.

खरी चीड आहे ती हेक्स (सोळाच्या पायावर लिहिलेल्या) २० ची. लॅपटॉप आणि प्रोग्रामर ज्या प्रोटोकॉलने बोलतात त्या एसटीके५०० च्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक कमांडच्या शेवटी हा बाइट येतो आणि त्याचं नाव आहे ‘सिंक-सीआरसी-ईओपी’. नावात सीआरसी (डेटातली चूक पकडणारा आकडा), प्रत्यक्षात साधी स्पेस! एखादा बाइट गळाला तर मोजणी चुकते आणि हेक्स १५ परत येतो, ते ठीक. पण बाइटची संख्या तेवढीच राहून आतला एक बिट पलटला तर उत्तर तेच ‘सगळं ठीक’चं, १४ आणि १०. हाय फ्यूज (चिपची मूळ सेटिंग ठेवणारा एक बाइट) डीएफचा ५एफ व्हायला एकच बिट पुरतो, शून्यापासून मोजला तर सातवा. तोच रीसेट बंद करणारा. लो फ्यूज ई२ चा ई० झाला की चिप बाहेरच्या क्लॉकची वाट बघत बसते, पण तिला क्लॉक देऊन उठवता येतं. (गंमत म्हणजे डीएफ उलटा केला की येतो २०!)

मे महिन्यात सगळे उन्हावर बिल फाडत होते. पण चुका यायच्या त्या टेबलावरचा कॉन्टॅक्टर (मोटरचा कॉइलवर चालणारा स्विच) सोडताना, कॉइल झटका मारते तेव्हा.

म्हणून प्रोटोकॉल नवा केला. दुसऱ्या आवृत्तीत अनुक्रमांक, लांबी आणि चेकसम आहे, पण चेकसम एक्सऑरचा. दोन बाइटमधले एकाच जागेचे बिट पलटले की तो गप्प. त्याऐवजी हेक्स अक्षरांची ओळ घेतली: कोलन, कमांडचं एक अक्षर, पत्त्याची चार, डेटाची बत्तीस म्हणजे १६ बाइट, सीआरसी-१६ ची चार आणि न्यूलाइन. एकूण ४३. आर्डुइनोच्या ६४ बाइटच्या बफरमध्ये ओळ आरामात मावते. न्यूलाइन डेटात कधीच येत नाही, त्यामुळे गोंधळ झाला की न्यूलाइनपर्यंतचं फेकायचं आणि पुढे चालायचं. २० च्या बाबतीत हे जमत नाही, कारण २० डेटातही येतो.

अक्षरांमुळे बाइट दुप्पट होतात, म्हणून बॉड ५००००० केला. ११५२०० नको: १६ मेगाहर्ट्झवर तो २.१ टक्के चुकतो, ५००००० बरोबर बसतो. आता सिरियलला अर्धा सेकंदही लागत नाही. वेळ खातो एसपीआय, म्हणजे उनो ते चिप हा दुवा. चिप १ मेगाहर्ट्झवर असताना एससीके (त्या दुव्याचा क्लॉक) २५० किलोहर्ट्झच्या खालीच ठेवावा लागतो. १६६ वर ८ केबीला दीड सेकंद, वर १२८ पेजचे (चिप एका दमात लिहिते ते तुकडे) प्रत्येकी साडेचार मिलिसेकंद.

पत्ता प्रत्येक ओळीत पाठवा, ‘पुढचं’ अशी कमांड ठेवू नका. नाहीतर उत्तर हरवलं की तीच ओळ पुन्हा जाते आणि पत्ता एक घर पुढे सरकतो. ६४ बाइटचं पेज आधी उनोच्या रॅममध्ये जमवा, चारही ओळी आल्या की मगच चिपकडे.

इथपर्यंत सगळा दोष २० च्या माथी मारला होता. पण सीआरसी घातल्यावर दोन आठवड्यांत पुन्हा एक पेज चुकीचं लागलं, आणि सीआरसी मात्र स्वच्छ! गडबड उनोच्या पुढे होती, चिपकडे जाणाऱ्या हातभर एसपीआय वायरमध्ये. एससीकेवर एक जादा टोक (स्पाइक) आलं की पुढचे सगळे बिट सरकतात, आणि तिथे लॅपटॉपची सीआरसी काय करणार? म्हणजे त्या तीन चिपही बहुधा इथेच गेल्या असाव्यात. वायर १५ सेंटिमीटर केली, कॉइलला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ (मेनच्या विजेवर चालणारा) कपॅसिटर, दोन्ही एकमेकांशी सिरीजमध्ये, लावला. त्यानंतर चूक नाही.

तरी फ्यूजचा नियम ठेवलाच. मूल्य आणि त्याचं उलटं, दोन्ही पाठवायचं. हाय फ्यूजचा सातवा बिट शून्य असेल तर स्केच नकार देतं. लिहिल्यावर प्रोग्रामिंग मोडमधून बाहेर पडण्याआधी वाचून बघायचं, कारण फ्यूज लागू होतो तो बाहेर पडल्यावर. तोवर सुधारता येतो.

एक अडचण उरली: एव्हीआरड्यूड या प्रोटोकॉलशी बोलत नाही. त्याच्यासाठी जुनं स्केच घातलेला दुसरा उनो बाजूला ठेवावा लागतो, लाल टेप लावून.