विल्सन जीएसटी: क्वार्टरबॅकच्या हाताला बसणारा चेंडू, पण खोक्यातून काढल्या काढल्या नव्हे

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये प्रत्येक संघ आक्रमणाला आपलेच चेंडू वापरतो. महिनाभर सरावात हाताळलेला चेंडूच शनिवारी सामन्यात हातात येऊ शकतो, आणि नवख्या क्वार्टरबॅकला (आक्रमणात पास फेकणाऱ्या खेळाडूला) याचा फार मोठा आधार असतो. विल्सन कंपनीचा ‘जीएसटी’ हा चामडी चेंडू त्या कामासाठी आज मिळणाऱ्या उत्तम चेंडूंपैकी एक आहे. मात्र तो घासून, वापरून हाताला बसेल असा तयार करायची चिकाटी नसेल तर पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

आधी बांधणी. चेंडू ओहायोतल्या एडा गावच्या कारखान्यात बनतो, कातडं शिकागोच्या हॉरवीन टॅनरीचं. चार पाकळ्या (कातड्याचे तुकडे) उलट्या बाजूने शिवतात, वाफेवर मऊ करून सुलट्या करतात, मग आत ब्लॅडर (हवेची पिशवी) घालून वरची लेस (दोरी) हाताने ओवतात. लेसला खरखरीत पोत आहे, तो अनामिका आणि करंगळीखाली लगेच जाणवतो. पांढरे पट्टे रंगवलेले नाहीत, शिवलेले आहेत. रंगवलेल्या पट्ट्यावर बोट पडलं की घामात सटकतं. इथे ती भीती कमी. पट्टे फक्त लेसच्या दोन्ही बाजूंच्या पाकळ्यांवर असतात, कॉलेजच्या चेंडूची ती खूणच आहे. व्यावसायिक एनएफएलच्या चेंडूवर पट्टे नसतात.

आता मुख्य अडचण. नवाकोरा चेंडू चकचकीत असतो, आणि वरचा थर निघेपर्यंत कातड्यावरच्या दाण्यांना पकड येत नाही. क्रिकेटची नवी बॅट तेल लावून, ठोकून तयार केल्याशिवाय कोणी सामन्याला नेत नाही, तसंच हे. नव्या चेंडूने फेकायला लावलं की पोरगा नकळत तो तळव्यात घट्ट दाबतो. मनगट आखडतं, चेंडू उशिरा सुटतो, चेंडूची गिरकी (स्पायरल) डगमगते आणि पास रिसीव्हरच्या (झेलणाऱ्याच्या) डोक्यावरून जातो. प्रशिक्षक खांदा बघतात, पाय बघतात. पोराला वाटतं आपला हातच बिघडला, आणि तो चांगली फेक बदलून बसतो. अशा वेळी सगळ्यात आधी चेंडू बदलून बघावा.

तयार करायची रीत अवघड नाही, वेळखाऊ आहे. चेंडूत 13 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरा. ओलसर (ओल्या नव्हे) फडक्याने पुसा आणि ताठ केसांच्या ब्रशने एकेक पाकळी घासा. प्रत्येकीला दहा-पंधरा मिनिटं द्या, लेसजवळच्या दोन पाकळ्यांना जास्त. चकाकी जाऊन रंग गडद होऊ लागला की फुटबॉलसाठीच मिळणारं कंडिशनर अगदी पातळ चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा ब्रश मारा. असं दोन-तीनदा करा. त्यानंतरचं काम हाताचंच: दोन-तीन आठवडे रोजची फेकाफेकी. एका संध्याकाळी चेंडू तयार करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बिघडतं ते बहुधा अतिउत्साहाने. कंडिशनर जास्त झालं की कातडं फुगतं आणि मऊ पडतं, दाणे बसतात. ब्रश फार जोरात मारला तर लेसच्या कडांचे टाके उसवतात. पंपाची सुई कोरडी खुपसली तर व्हॉल्व चिरतो आणि चेंडू हळूहळू बसू लागतो. सुईला आधी ग्लिसरीनचा थेंब लावावा, नाहीतर निदान पाण्याचा. शिवाय संघाचा किकर तुमचा चेंडू लाथेने मारणार नाही हे बघा. किकरला चेंडू गोलसर आणि फुगीर आवडतो, लाथा खाऊन तो तसाच होतो, आणि मग क्वार्टरबॅकच्या बोटांना टोकाशी पकड सापडत नाही.

हवेचा नियम सरळ आहे: 12.5 ते 13.5 पीएसआय. वजन 14 ते 15 औंस, म्हणजे साधारण 397 ते 425 ग्रॅम. पण 21 अंश सेल्सियसच्या खोलीत 13 भरलेला चेंडू 4 अंशांच्या मैदानावर नेला की गेज 11.4 च्या आसपास दाखवतो. चेंडू गळत नसतो, थंडीने हवेचा दाब कमी झालेला असतो. 2015 साली एनएफएलमध्ये हवा कमी असलेल्या चेंडूंवरून केवढा गदारोळ झाला होता! मिडवेस्टच्या (अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या) थंड नोव्हेंबरात चेंडू बाहेर अर्धा तास ठेवा आणि मगच गेज लावा. थंडीत मऊ पडलेला चेंडू हातात छान वाटतो, पण त्याची सवय झाली की नियमाप्रमाणे भरलेला चेंडू हातात दगड वाटतो.

पावसात हा चेंडू कमी पडतो. कातडं पाणी पितं, जड होतं, आणि वाळल्यावर आकार थोडा सुटतो. वाळवताना हीटर, हेअर ड्रायर नको. खोलीच्या तापमानाला, हवा थोडी कमी करून ठेवा. सामन्यात चेंडू सुकवायला कुठलाही पदार्थ लावायला एनसीएएची (कॉलेज खेळांच्या संघटनेची) मनाई आहे, हाताला चिकट काही फासायलाही. टॉवेल चालतो. म्हणून पावसाळी सरावाला स्वस्तातला कॉम्पोझिट (कृत्रिम चामड्याचा) जीएसटी वेगळा ठेवा.

हात लहान असेल तर? अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजा ताणून मोजतात. क्वार्टरबॅक जो बरोचा पंजा 2020 च्या एनएफएल चाचणीत फक्त 9 इंच भरला, आणि त्याच्या आदल्याच मोसमात एलएसयूसाठी (लुइझियाना स्टेट विद्यापीठासाठी) त्याने 60 टचडाउन (गुण मिळवून देणारे) पास टाकले होते. लहान पंजाच्या पोरासाठी लहान चेंडू शोधू नका. नेहमीच्याच चेंडूवर पकड लेसच्या मधून थोडी टोकाकडे सरकवा, तळवा आणि चेंडूमध्ये फट राहू द्या, आणि न बघता लेस शोधायचा सराव करून घ्या: स्नॅप (खेळ सुरू करताना मागे दिलेला चेंडू) घेतल्यापासून तिसरं पाऊल पडेपर्यंत बोटं जागेवर बसली पाहिजेत. जीएसटीच्या लेस उठावदार असल्याने हे लवकर जमतं.

विकत घेताना घोटाळा आकारात होतो. जीएसटी याच नावाखाली छोटे चेंडूही मिळतात. टीडीवाय हा 12 ते 14 वर्षांच्या मुलांचा, टीडीजे त्याहून लहानांचा. ऑनलाइन फोटोत सगळे सारखेच दिसतात. कॉलेजच्या खेळाडूला पूर्ण आकाराचा, चामडी, 1003 क्रमांकाचा हवा. ‘कॉम्पोझिट’ शब्द दिसला तर तो चामड्याचा नाही. न्यू जर्सी असो की टेक्सास, अमेरिकेतल्या आपल्या मराठी पालकांनी मागवण्याआधी मुलाच्या संघात कुठला चेंडू चालतो ते विचारून घ्यावं. काही कॉलेजं नायकी किंवा आदिदासचा वापरतात, आणि तिथे घरी जीएसटी घेऊन बसण्यात अर्थ नाही.

किंमत शंभर डॉलरच्या पुढेमागे. एकच घेऊन भागत नाही. दोन घ्या, एक तयार झालेला आणि एक तयार होत असलेला.