पैज बरोबर आली आणि पैसे गेले : बॅलन डी'ओरच्या 'आतल्या खबरी'चा धंदा

माझ्या भाच्याचा अंदाज चुकला नव्हता. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिला जाणारा बॅलन डी'ओर पुरस्कार २०२५मध्ये उस्मान डेम्बेलेलाच मिळाला आणि भाच्याने पैसेही त्याच्यावरच लावले होते. तरी त्याचे १,४२,८०० रुपये गेले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त निकाल लागल्यानंतर गेले. हे त्याला विचारूनच लिहितोय. आमच्या नायगाव-परळ पट्ट्यात त्याच्यासारखी टर्फवर खेळणारी, रात्र जागून चॅम्पियन्स लीग बघणारी कितीतरी मुलं आहेत. त्यातली काही अजून त्याच टेलिग्राम चॅनेलवर आहेत, जिथे हे सगळं घडलं.

आधी हे नेमकं ऑगस्टमध्येच का सुरू झालं ते सांगतो. ७ ऑगस्टला पुरस्काराच्या दावेदार ३० खेळाडूंची यादी जाहीर झाली. २२ ऑगस्टला पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि मोठ्या ॲप्सनी पैशांचे खेळ गुंडाळले. दर आठवड्याला शंभर-दोनशे लावायची सवय लागलेल्या पोरांची सवय काही त्या दिवशी सुटली नाही. टेलिग्रामवर 'आतली खबर' देऊन पैजा घेणाऱ्यांना हे बरोबर ठाऊक होतं. भाच्याला त्यांच्या चॅनेलची लिंक मिळाली ती गणपतीत, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. वर्गणीचा हिशेब, आरतीची वेळ आणि मध्येच ही लिंक. टाकणारा मुलगा ओळखीचा, त्यामुळे कोणालाच काही वावगं वाटलं नाही. प्रत्येक नव्या माणसामागे त्याला २०० रुपये मिळत होते, हे फार नंतर कळलं.

मॅच सोडून पुरस्कारच का, हे मला सुरुवातीला समजत नव्हतं. आता नीट समजलंय. मॅचचा निकाल आपल्या डोळ्यांसमोर लागतो. 'मॅच फिक्स आहे' असं कोणी सांगितलं तर निम्मी पोरं तिथेच उठून जातात. पुरस्काराचं तसं नसतं. पुरुषांच्या बॅलन डी'ओरसाठी फिफा क्रमवारीतल्या पहिल्या १०० देशांमधला एकेक पत्रकार मत देतो. प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची, पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १०, असं उतरत दहाव्याला १. सोहळ्याच्या आधीच ही मतं पडून मोजून झालेली असतात. म्हणजे उत्तर तयार आहे आणि कोणाला तरी ते ठाऊक आहे, एवढं खरंच असतं. 'आमचा माणूस पॅरिसमध्ये आहे' ही थाप त्या खऱ्या गोष्टीच्या आधाराने उभी राहते.

त्यात २०२४च्या पुरस्काराने त्यांचं काम आणखी सोपं करून ठेवलं होतं. सगळं जग रेआल माद्रिद क्लबच्या व्हिनिसियसचं नाव घेत होतं. २८ ऑक्टोबरला सोहळ्याच्या काही तास आधी रेआल माद्रिदने पॅरिसला जायचंच रद्द केलं, आणि तेवढ्यावरून लोकांनी ओळखलं की आपला माणूस जिंकत नाही हे त्यांना कळलंय. रात्री विजेता म्हणून मँचेस्टर सिटीचा रॉद्री कुबड्या घेऊन मंचावर आला. गुण ११७० विरुद्ध ११२९. फरक फक्त ४१चा. चॅनेलवाला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा उगाळायचा. बघा, बातमी फुटतेच, फक्त ती तुमच्यापर्यंत पोचत नाही.

आणि पुरावा म्हणून त्याच्याकडे एक पोस्ट होती. तारीख सोहळ्याच्या चार दिवस आधीची, मजकूर 'रॉद्री, १०० टक्के'. भाच्याने ती मला दाखवली तेव्हा मीही थांबलो, कारण तारीख खरी होती. टेलिग्राम ती स्वतः टाकतं, खोटी घालता येत नाही. गोम दुसरीकडे होती. व्हॉट्सॲपवर मेसेज उडवला की 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी खूण मागे राहते. टेलिग्रामच्या चॅनेलवर तसं काहीच राहत नाही. त्यामुळे तीन दिवसांत तीन नावं टाकायची, निकाल लागला की चुकलेली दोन उडवायची. उरलेली पोस्ट खरी, तारीख खरी, भविष्यही खरं ठरलेलं!

हे पकडायचा एक मार्ग आहे, तो प्रत्येकाने करून बघावा. पोस्टवर दाबून तिची लिंक कॉपी करा. लिंकच्या शेवटी आकडा असतो, तो त्या पोस्टचा अनुक्रमांक. आम्ही रॉद्रीच्या पोस्टच्या मागचे-पुढचे आकडे काढले. सलग आकडे असायला हवेत तिथे मध्येच खड्डे होते, एकेका ठिकाणी पाच-सहा पोस्टी गायब. फोटोंचा गठ्ठा टाकला तरी आकडे पुढे सरकतात, त्यामुळे एखाद्या खड्ड्यावरून निष्कर्ष काढू नका. पण प्रत्येक 'अचूक' भाकिताच्या आजूबाजूलाच खड्डे असतील तर तिथे काय पुसलं गेलंय ते सांगायला नको.

पैशांचं गणित असं. ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं, एपीके, म्हणजे थेट फोनवर टाकायची ॲपची फाइल, पाठवली होती. सुरुवातीला भाच्याने ५०० टाकले, दोन दिवसांत १२०० परत आले, थेट बँकेत. हे ७०० रुपये त्यांनी खिशातून घातले, आणि पुढचं सगळं त्यांनीच घडवलं. त्यानंतर 'व्हीआयपी' गट आला आणि डेम्बेलेवर तिप्पट भाव. इथे जुन्या मुंबईकरांना लगेच कळेल. डेम्बेलेच्या पीएसजी क्लबने ३१ मे रोजी म्युनिकला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये इंटर मिलानला ५-० ने धुतलं होतं, डेम्बेले जिकडेतिकडे आघाडीवर होता, खरी चुरस त्याच्यात आणि लामिन यमालमध्ये होती. फेव्हरिटवर भाव कमी मिळतो. ज्याला पैसे खरोखर द्यायचे असतात तो फेव्हरिटवर तिप्पट देऊच शकत नाही. जो देतो, त्याने द्यायचे नाहीत हे आधीच ठरवलेलं असतं.

भाच्याने तीन वेळा करून ६२,००० भरले. दर वेळी क्यूआर वेगळा, आणि स्कॅन केल्यावर येणारं नावही वेगळं. एकदा कुठलेसे 'ट्रेडर्स', एकदा 'मोबाइल शॉपी', एकदा एका बाईचं नाव. ही भाड्याने घेतलेली खाती असतात.

२२ सप्टेंबर, घटस्थापनेचा दिवस. आपल्याकडे मध्यरात्र उलटली तेव्हा पॅरिसला सोहळा रंगात आला होता. ब्राझीलचा माजी खेळाडू रोनाल्डिन्होने डेम्बेलेचं नाव घेतलं, डेम्बेले आईला मंचावर घेऊन रडला, आणि भाच्याच्या ॲपमध्ये १,८६,००० दिसायला लागले. त्या क्षणी तो फुटबॉल कळणारा पोरगा होता, आणि ते खरंही होतं. त्याने वर्षभर बघून, विचार करून नाव काढलं होतं. पुढचे पैसे त्याच्याकडून काढून घेतले ते याच खऱ्या आनंदाच्या जोरावर. हरलेला माणूस हात झटकतो. जिंकलेला माणूस आपल्या हक्काचे पैसे सोडवायला धडपडतो.

सकाळी पैसे काढायला गेला तर उत्तर आलं : सरकारी नियमानुसार ३० टक्के टीडीएस आधी भरा, ५५,८०० रुपये. सोबत सिंहमुद्रेचं पत्र. आता नीट वाचा. ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस १ एप्रिल २०२३ पासून आहे, हे खरं. पण तो पैसे देणारा कापून घेतो आणि उरलेले आपल्याला देतो. आपण आपल्या खिशातून आधी भरायचा, तोही कुणाच्या तरी क्यूआरवर, असा टीडीएस नसतो. जिंकलेले पैसे सोडवण्यासाठी पैसे मागितले की तिथेच थांबायचं. कर म्हणोत, डिपॉझिट म्हणोत, व्हेरिफिकेशन म्हणोत.

हे ५५,८०० ताईच्या भिशीचे होते. माझ्या मोठ्या बहिणीचा नंबर नुकताच लागला होता, आणि भिशी उचलली तरी पुढचे हप्ते भरावेच लागतात. पैसे गेले, हप्ते अजून चालू आहेत. त्यानंतर २५,००० 'सिक्युरिटी डिपॉझिट' गेलं. त्यापुढच्या मागणीला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, तेव्हा त्याला एक 'सोय' सुचवण्यात आली : तुझं बँक खातं आम्हाला वापरायला दे, येणाऱ्या रकमेवर ३ टक्के तुझे, त्यातून फी फेडून टाक. याच मेसेजने तो घाबरला आणि माझ्याकडे आला. त्याने 'हो' म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाच्या तरी भाच्याचे पैसे त्याच्या खात्यातून फिरले असते, आणि पोलीस आमच्या दारात आले असते ते आरोपी शोधत. पोरांनो, पैसे गेले तर कमावता येतील. खातं मात्र कोणालाही देऊ नका, एका दिवसासाठीसुद्धा नाही.

तक्रार करणार म्हटल्यावर त्यांनी धमकी दिली : सट्टा तूही खेळलास, आत तूच जाशील. बरीच मुलं इथेच गप्प बसतात. २०२५च्या केंद्राच्या कायद्यात शिक्षा आहे ती असा खेळ चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्यासाठी त्यात शिक्षा ठेवलेली नाही. म्हणून घाबरून वेळ घालवू नका.

आम्ही लगेच १९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लावला. तिथे प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय क्रमांक, वेळ आणि रक्कम विचारतात. हे स्टेटमेंटमधून आधीच काढून कागदावर लिहून ठेवा, फोनवर शोधत बसलात तर मिनिटं जातात. त्यानंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार आणि पोलीस ठाण्यात जबाब. मुंबईत पाच विभागीय सायबर पोलीस ठाणी आहेत, पण नोंद जवळच्या ठाण्यातही होते. शेवटचे २५,००० त्याच दिवशी कळवले म्हणून त्यातले १८,००० पुढच्या खात्यात गोठवता आले. ते सोडवण्याचा अर्ज कोर्टात आहे. आधीचे सगळे काही मिनिटांतच चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघून गेले होते. चॅट आणि ॲप पुसू नका, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. एपीके त्यानंतर काढा, आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

तक्रारीनंतर आठवड्याभरात भाच्याला एका 'रिकव्हरी एजंट'चा फोन आला. त्याला रक्कम पैशापर्यंत माहीत होती. दहा टक्के आगाऊ द्या, सगळे परत आणतो. तीच टोळी असावी, किंवा तिने विकलेली यादी. पोलीस पैसे परत मिळवून देण्याची फी घेत नाहीत, आणि गोठवलेली रक्कम कोणताही एजंट सोडवू शकत नाही.

चॅनेलचं नाव आता बदललंय. जुन्या पोस्टींतून 'रॉद्री' तशीच आहे, तिच्याखाली 'डेम्बेले'ची जोडली आहे, आणि फिफाच्या 'द बेस्ट' पुरस्कारासाठी, विश्वचषकाच्या गोल्डन बॉलसाठी नव्या लिंका फिरायला लागल्या. तुमच्या मंडळाच्या, बिल्डिंगच्या, टर्फच्या ग्रुपवर अशी लिंक आली तर ती टाकणाऱ्या मुलाला सरळ फोन करा आणि हे वाचायला द्या. बहुतेक वेळा त्यालाही आपल्या २०० रुपयांपलीकडचं काही माहीत नसतं.