चाकाच्या बेअरिंगचे कप-कोन धुऊन वापरायचे की नवा सेट? ब्रेकचा ड्रम टर्न करायचा की बदलायचा?

गोव्यातल्या कुळ्याहून दूधसागर धबधब्याकडे जाणारी जीप वहाळातूनच जाते. पाणी हबपर्यंत (चाकाच्या मधल्या भागापर्यंत) चढतं, म्हणून बेअरिंगचा प्रश्न आज ना उद्या येतोच. जुन्या बांधणीच्या, पुढे अखंड ॲक्सल असलेल्या गाडीला दोन वाटा असतात. एक, हब उघडून तेच बेअरिंग धुऊन ग्रीस भरायचं. दुसरी, आतल्या-बाहेरच्या दोन्ही बेअरिंगच्या कप-कोनांचा (कप म्हणजे बाहेरची रिंग, कोन म्हणजे रोलर असलेली आतली रिंग) नवा सेट टाकायचा. निवड किमतीवरून करू नका, कपावरचे डाग बघून करा.

पण आधी बेअरिंगच गेलंय ना, याची खात्री करा. गाडी घोड्यावर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिन (ज्यावर चाक वळतं तो खुंटा), मग नव्या सेटचे पैसे फुकट.

आता कोन रॉकेलने धुवा आणि कप हबमध्येच पुसून उजेडात धरा. (सुकवताना हवेच्या प्रेशरने रोलर गरगर फिरवू नका, रोलर धरणारा पिंजरा तुटून उडतो.) सगळीकडे सारखा राखाडी, चमकदार पट्टा दिसला तर बेअरिंग खुशाल परत वापरा. खवले निघाले असतील किंवा निळसर झाक असेल तर विषय संपला. गोव्यात हमखास दिसतो तो तिसरा प्रकार: रोलर जेवढ्या अंतरावर बसतात, बरोबर तेवढ्या अंतरावर काळपट आडव्या रेघा. गाडी चालताना या पडत नाहीत. पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने शेडमध्ये उभी राहते, ग्रीसमध्ये शिरलेलं पाणी रोलर जिथे टेकलाय तिथेच लोखंड खात बसतं. रेघ नखाला अडली तर नवा सेट, त्यात घासाघीस नको. नुसता डाग असेल, नख सरळ जात असेल, तर धुऊन अजून एक हंगाम निघतो. म्हणूनच हे काम ऑक्टोबरात करण्यापेक्षा मे अखेरीस करणं शहाणपणाचं.

दोन्ही वाटांत ऑईल सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) मात्र नवंच. चढ-उतारानंतर तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाकडून पाणी आत ओढलं जातं. जुनं सील तिथेच हरतं. सील जिथे घासतं त्या जागेवर चर पडला असेल तर नवं सीलही गळणार. ते किंचित पुढे-मागे बसवा किंवा त्या जागी स्लीव्ह (धातूची पातळ नळी) घाला.

नवा सेट घेताना कप एका कंपनीचा, कोन दुसऱ्याचा असं करू नका. जुना कप पितळी पोगराने (ठोकायच्या दांड्याने) आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ठोकून काढा. नवा कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो. ग्रीस तळहातावर घेऊन कोनाच्या रुंद बाजूने दाबा, रोलरांतून पलीकडे येईपर्यंत. हबची पोकळी मात्र तिसरा हिस्सा भरली की पुरे. जुन्यावर वेगळ्या जातीचं ग्रीस चढवू नका, दोन्ही पातळ होऊन वाहतात. नट चाक फिरवत जड होईपर्यंत आवळा, मग साधारण १/६ फेरा सोडा. लॉक नट आवळल्यावर प्ले पुन्हा तपासा, कारण तो घट्ट करताना सेटिंग हलतं. पहिल्या फेरीनंतर हबला हात लावा: कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर फार आवळलंय.

ब्रेकमध्ये हिशोब वेगळा. ड्रमवर कमाल व्यास आणि डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. टर्न केल्यावरचं (लेथवर घासून सारखं केल्यावरचं) माप त्या मर्यादेच्या आत राहत असेल तरच लेथवर पाठवा. अगदी काठावर असेल तर नवा घ्या. पातळ ड्रम लवकर तापतो. लाल मातीचा गाळ ड्रममध्ये साचून खोल चरे पडतात, त्यामुळे टर्निंगला इथे फारसा वाव उरत नाही. लायनरला (ब्रेक शूवरच्या घर्षणपट्टीला) ग्रीस लागलं असेल तर पेट्रोलने धुऊ नका, तापल्यावर ते पुन्हा पाझरतं. शू बदला, आणि दोन्ही चाकांचे एकदम, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरला रबर किट स्वस्त पडतं खरं, पण आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे असतील तर किट थोड्याच दिवसांत गळतं. किनारपट्टीच्या गाडीला बहुतेकदा पूर्ण सिलिंडरच टाकावा लागतो. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरच्या सरकत्या पिनांना साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं: डॉट ३ प्रकारच्या ऑईलचा उकळबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४० पर्यंत उतरलेला. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना पेडल खाली गेलं तर कारण बहुधा हेच. ते दर वर्षी बदला.

सीलबंद हब बेअरिंगच्या नव्या गाड्यांत धुण्याचा पर्यायच नाही. घरघर सुरू झाली की बदला. डावीकडे वळताना आवाज वाढला तर संशय उजव्या चाकावर. बेअरिंग हबच्या घरात प्रेस करताना दाब बाहेरच्या रिंगवरच द्या, आतल्या रिंगवर दिला तर गोळ्या दाबल्या जाऊन नव्या बेअरिंगच्या रिंगांना तिथेच खळगे पडतात. बेअरिंगची एबीएससाठीची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठीची) चुंबकीय बाजू सेन्सरकडे हवी, उलटी बसली तर डॅशबोर्डवरचा दिवा विझणार नाही.