बूट नवे, सोल अकरा वर्षांचा

सांगायची लाज वाटते, पण लिहितो. ६,१०० रुपये गेले. माझे बूट ३,२०० चे, पोराचे २,९०० चे.

एप्रिल २०२५ मध्ये जळगावात एका मंगल कार्यालयात ‘एक्सपोर्टचा शिल्लक माल’ असा सेल लागला होता. असले सेल कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. दोन दिवसांचा हॉल, छापील किंमत ११,९९९, पावतीवर नुसता शिक्का. मलाही ठाऊक होतं. पण दिवाळीत पोराला नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावरच्या यात्रेला न्यायचं होतं, आणि आमच्याकडे ट्रेकिंगचे बूट पायात घालून बघायला मिळतात कुठे? मी काही फुकटाच्या मागे लागणारा माणूस नाही. मेहुण्याला फोटो पाठवले, तोही ‘घेऊन टाका’ म्हणाला.

खोक्यावर महिना-वर्षाच्या जागी पांढरा स्टिकर होता, ०१/२०२५. त्याचा कोपरा सुटलेला. मी नखाने उचललाही! खाली ‘१४’ दिसले. तेवढ्यात विकणारा पोरगा म्हणाला, “काका, तो साइजचा कोड आहे,” आणि खोका हातातून काढून पिशवीत घातला. अहो, मी आठ नंबर घालतो! चौदा नंबर कुणाच्या पायाला लागतो? त्याआधी टाचेवरचा फोम दाबला तर अंगठ्याला भुकटी लागली होती. ती मी धूळ समजून पँटला पुसली. आजही रात्री ते नख आणि तो अंगठा आठवतो.

पैसे भरताना क्यूआरवर दुकानाचं नाही, कुण्या माणसाचं नाव आलं. तिथेच थांबा. मी थांबलो नाही.

तळोद्याहून चालायला लागलो आणि नवव्या किलोमीटरला डावा सोल टाचेपासून सुटला. अर्ध्या तासात उजवा. पोराचे उतरताना गेले. अस्तंब्याच्या डोंगरात अश्वत्थामा जखमेला तेल मागत फिरतो म्हणतात. मी सुतळी मागत फिरत होतो. चपला घातलेल्या म्हाताऱ्या आजीबाई मला मागे टाकून गेल्या.

खाली आल्यावर चांभारदादांनी बूट उलटा करून एवढंच म्हटलं, “सोल सडेल शे भाऊ, टाका कसामा मारू?” (म्हणजे सोल सडलाय, टाका कशात मारू?) घरी येऊन स्टिकर पूर्ण सोलला. ०८/२०१४.

सोलमधला मऊ थर पॉलीयुरेथेन नावाच्या फोमचा असेल तर हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजतो, बूट खोक्यात नुसते पडून असले तरी. उकाड्याने आणखी लवकर. न वापरलेला बूट नवाच राहतो, हे डोक्यातून काढा. ईव्हीए या दुसऱ्या फोमचा थर असा भुगा होत नाही, तो दबून कडक होतो. चांगले बूट ८०० ते १,६०० किलोमीटर चालतात. माझे नऊ. बुटाच्या जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) आतलं लेबल वाचा, तिथेही बहुतेक वेळा तारीख असते, आणि खोक्यावरच्या स्टिकरवर तर अजिबात विसंबू नका. जुना साठा निम्म्या किमतीतही महागच पडतो.

मग तक्रार. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, “बूट फाटले म्हणून गुन्हा दाखल करू का?” बाजूचे दोघे हसले. स्टिकर बदलून तारीख लपवली ही फसवणूक नाही तर काय, असं विचारलं तर ‘हा दिवाणी मामला’. हॉलच्या मालकाने सेलवाल्याचा पत्ता दिला नाही, म्हणे भाडं रोखीत घेतलं. एका सरकारी कार्यालयात तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला पक्कं बिल मागितलं, दुसऱ्या खेपेला विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक. अहो, तो माझ्याकडे असता तर मी फसलो असतो का? (तुम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि क्रमांक लिहून ठेवा. मला ते फार उशिरा कळलं.) प्रत्येक खेपेला रिक्षाचे ८० रुपये, तेही लिहून ठेवलेत.

तिसऱ्या खेपेला बाईंनी बूट टेबलावर ठेवून घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारलं, “यांचे सोल कुठे आहेत? पुरावा म्हणून तेच लागतील.”

सोल अस्तंब्याच्या वाटेवर आहेत.